बोलीपासून राजभाषेपर्यंत

प्रस्तावना

माणूस घरात ज्या भाषेत बोलतो, ती भाषा शाळेत, कचेरीत किंवा न्यायालयात चालतेच असे नाही. महाराष्ट्रातील बहुतेकांना ही अडचण फारशी जाणवत नाही. कारण 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली आहे. परंतु महाराष्ट्राच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या छत्तीसगढ राज्यातील बहुसंख्य लोकांची बोलण्याची भाषा आणि सरकारी कागदाची भाषा दीर्घकाळ वेगवेगळ्या राहिल्या. 2007 मध्ये तेथील विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा दिला. हा दर्जा कसा मिळाला, त्याने काय साधले आणि काय साधायचे राहिले, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
- छत्तीसगढी आणि मराठी यांतील साम्य व भेद उदाहरणांनी सांगू शकाल;
- बोली आणि भाषा या शब्दांच्या वापरामागील विचार स्पष्ट करू शकाल;
- राजभाषा आणि आठव्या अनुसूचीतील भाषा यांतील फरक सांगू शकाल;
- भाषेविषयी राज्यघटनेने नागरिकाला दिलेले अधिकार ओळखू शकाल.

मूळ पाठ

तलावाकाठची भाषा

रायपूर ही छत्तीसगढची राजधानी. नागपूरहून कोलकात्याकडे जाणारा मोठा रस्ता या शहरातून जातो. त्याच रस्त्यावर, शहराच्या पूर्व भागात तेलीबांधा ही वस्ती आणि त्याच नावाचा तलाव आहे. आज तलावाकाठी फिरण्यासाठी वाट आहे, संध्याकाळी दिव्यांचा झगमगाट असतो. शहरातील लोक या काठाला कौतुकाने 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. हे नवे नाव मुंबईकडून आले. 'तेलीबांधा' हे जुने नाव मात्र तेथल्या मातीतले आहे आणि त्यातील 'तेली' व 'बांध' हे शब्द मराठी वाचकालाही ओळखीचे वाटतात.

काही वर्षांपूर्वीपर्यंत तेलीबांध्याला नॅरोगेज रेल्वेचे स्थानक होते. रायपूरहून धमतरीकडे व राजिमकडे जाणारी छोटी गाडी या मार्गाने धावत असे. खेड्यापाड्यांतील माणसे त्या गाडीने शहरात येत आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही येई. पुढे रूळ निघाले, त्या जागी रस्ता झाला. पण भाषा राहिली. भाजीबाजारात, बांधकामावर, रिक्षाच्या थांब्यावर ती आजही कानांवर पडते.

'तोर नाँव का हे?' असे कोणी विचारले, तर 'तुझे नाव काय आहे?' हा अर्थ मराठी माणसाला सहज कळतो. छत्तीसगढीतील 'भुइयाँ' म्हणजे आपली भुई, 'मया' म्हणजे माया आणि 'गोठ' म्हणजे गोष्ट, बोलणे. काही शब्द मात्र फसवे आहेत. मराठीत 'का' या शब्दाने कारण विचारले जाते. छत्तीसगढीत 'का' म्हणजे 'काय', आणि कारण विचारायचे तर 'काबर' म्हणतात. मराठीत 'दाई' म्हणजे मूल सांभाळणारी किंवा बाळंतपण करणारी स्त्री. छत्तीसगढीत 'दाई' म्हणजे प्रत्यक्ष आई. अनेकवचन करण्याची या भाषेची रीतही स्वतंत्र आहे. 'लइका' म्हणजे मूल आणि 'लइकामन' म्हणजे मुले. अशा नियमांतूनच प्रत्येक भाषेचे स्वतःचे रूप घडत असते.

कचेरीच्या खिडकीपाशी

भाषेला मान्यता कशासाठी हवी, हे एका साध्या प्रसंगावरून समजून घेता येईल. समजा, खेड्यातील एक वृद्ध स्त्री निराधार पेन्शनसाठी कचेरीत आली आहे. आपली अडचण ती छत्तीसगढीत सांगते. खिडकीमागच्या कारकुनाला ती समजते. कदाचित त्याच्या घरीही हीच भाषा बोलली जात असेल. पण अर्ज हिंदीत आहे. कारकून तिचे म्हणणे हिंदीत लिहितो आणि कागद तिच्यापुढे ठेवतो. वृद्धेला हिंदी बरीचशी कळते. परंतु 'पात्रता', 'सत्यापन', 'आश्रित' हे शब्द तिच्या रोजच्या बोलण्यातले नाहीत. ज्या कागदावर ती अंगठा उठवते, त्यात नेमके काय लिहिले आहे, हे तिला ठाऊक नसते. उद्या अर्ज नामंजूर झाला, तर त्याचे कारणही तिला दुसऱ्याकडूनच समजून घ्यावे लागेल.

यात दोन प्रकारचे नुकसान आहे. पहिले म्हणजे, स्वतःच्या हक्काविषयीच्या कागदावर तिची पकड राहत नाही. दुसरे नुकसान अधिक खोल आहे. आपली भाषा घरापुरती, शेतापुरती. शहाण्या माणसांची भाषा निराळी, असा समज मनात घर करून बसतो. मग शहरात आलेला तरुण आईशी बोलतानाही आजूबाजूला पाहू लागतो. ज्या मुलाला शाळेत पहिल्याच दिवशी अनोळखी शब्द ऐकावे लागतात, तो विषय न समजल्यामुळे गप्प बसतो की भाषा न समजल्यामुळे, हे शिक्षकालाही कित्येकदा उमगत नाही.

बोली की भाषा?

छत्तीसगढी ही हिंदीची बोली की स्वतंत्र भाषा, हा प्रश्न जुना आहे. भारतीय भाषांचे मोठे सर्वेक्षण करणारे जॉर्ज ग्रिअर्सन यांनी अवधी, बघेली आणि छत्तीसगढी यांचा 'पूर्वी हिंदी' असा एक गट मानला. जनगणनेत आजही छत्तीसगढीची नोंद हिंदी या शीर्षकाखाली होते. 2011 च्या जनगणनेत 1 कोटी 62 लाखांहून अधिक लोकांनी छत्तीसगढी ही आपली मातृभाषा असल्याचे सांगितले. पण भाषांच्या मुख्य यादीत ही संख्या हिंदीच्या बेरजेत मिळवली गेली.

दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. धमतरीच्या शाळेतील मुख्याध्यापक हीरालाल काव्योपाध्याय यांनी 1885 मध्ये छत्तीसगढीचे व्याकरण लिहिले. ग्रिअर्सन यांनीच त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो 1890 मध्ये प्रसिद्ध झाला. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे छत्तीसगढीचा अभ्यास किती लवकर सुरू झाला होता, ते ध्यानात येते.

खरे पाहता व्याकरण नसलेली बोली जगात कोठेही नाही. प्रत्येक बोलीला तिचे नियम, तिची शब्दसंपत्ती असतेच. कोणत्या बोलीला 'भाषा' म्हणायचे, हे पुष्कळदा तिच्यात किती लिहिले गेले, शाळेत काय शिकवले गेले आणि सत्तेने कोणती भाषा वापरली, यावरून ठरत आले आहे.

> पाठगत प्रश्न 1
> योग्य पर्याय निवडा.
> (1) 'लइकामन' या शब्दाचा अर्थ – (अ) मुलाचे मन (आ) मुले (इ) मुलगी
> (2) छत्तीसगढीचे व्याकरण लिहिणारे – (अ) दादोबा पांडुरंग (आ) जॉर्ज ग्रिअर्सन (इ) हीरालाल काव्योपाध्याय
> (3) जनगणनेत छत्तीसगढीची नोंद या शीर्षकाखाली होते – (अ) हिंदी (आ) मराठी (इ) ओडिया

लोकांनी दिलेला मान

कायद्याने मान देण्यापूर्वी छत्तीसगढीला तिच्या लोकांनी मान दिला. राजिमजवळच्या चमसूर गावी जन्मलेले पंडित सुंदरलाल शर्मा (1881–1940) यांनी छत्तीसगढीत 'दानलीला' हे काव्य रचले. 1965 मध्ये मनु नायक यांनी 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट काढला.

रायपूर येथे जन्मलेले नाटककार हबीब तन्वीर (1923–2009) यांचा अनुभव विशेष बोलका आहे. त्यांनी 'नाचा' या लोकनाट्यातील ग्रामीण कलावंतांना आपल्या नाटकांत घेतले. हिंदीतून संवाद म्हणताना हे कसलेले कलावंत अवघडून जात. हे लक्षात आल्यावर तन्वीर यांनी त्यांना छत्तीसगढीतच बोलू दिले आणि नाटक जिवंत झाले. 'चरणदास चोर' हे त्यांचे नाटक 1982 मध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात गौरवले गेले. ज्या भाषेला गावंढळ म्हटले जाई, तीच परदेशातील रंगमंचावर पोहोचली. शालेय शिक्षणाची संधी न मिळालेल्या तीजनबाई यांनी महाभारताची कथा 'पंडवानी' या गायनप्रकारातून याच भाषेत देशोदेशी नेली. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

या प्रदेशाशी मराठी माणसांचाही जुना संबंध आहे. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढ हा भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. मराठी घरात जन्मलेले माधवराव सप्रे (1871–1926) यांनी 1900 मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. एका भाषेवर प्रेम करणारा माणूस दुसऱ्या भाषेची सेवा करू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

28 नोव्हेंबर 2007

1 नोव्हेंबर 2000 रोजी मध्य प्रदेशातून वेगळे होऊन छत्तीसगढ हे नवे राज्य झाले. राज्याच्या नावातच प्रदेशाची ओळख होती. त्यामुळे भाषेलाही मान मिळावा, या मागणीला बळ आले. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 345 नुसार राज्याच्या विधानमंडळाला राज्यात वापरात असलेली एक किंवा अधिक भाषा राजभाषा म्हणून स्वीकारता येते. या अधिकाराने 28 नोव्हेंबर 2007 रोजी छत्तीसगढ विधानसभेने राजभाषा संशोधन विधेयक संमत केले आणि हिंदीबरोबर छत्तीसगढीलाही राजभाषेचे स्थान दिले. तेव्हापासून 28 नोव्हेंबर हा दिवस छत्तीसगढी राजभाषा दिन म्हणून साजरा होतो. 2008 मध्ये राजभाषा आयोग स्थापन झाला. साहित्यिक व पत्रकार श्यामलाल चतुर्वेदी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. 2019 मध्ये नरेंद्र देव वर्मा यांचे 'अरपा पैरी के धार' हे छत्तीसगढी गीत राज्यगीत म्हणून स्वीकारण्यात आले.

येथे एक फरक समजून घेणे आवश्यक आहे. राजभाषा ठरवणे हे राज्याचे काम आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत भाषेचा समावेश करणे हे मात्र संसदेचे काम आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागते. 1950 मध्ये या अनुसूचीत 14 भाषा होत्या. आता 22 आहेत. गोव्याने 1987 मध्ये कोकणीला राजभाषा केले आणि 1992 मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत आली. छत्तीसगढीने पहिला टप्पा गाठला आहे. आठव्या अनुसूचीत मात्र तिला अद्याप स्थान मिळालेले नाही.

दूरच्या देशातील अनुभव

ही वाटचाल केवळ भारतातील नाही. उत्तर आफ्रिकेतील मोरोक्को व अल्जीरिया या देशांत अमाझीग लोकांची भाषा अरबी भाषा तेथे येण्याच्या फार पूर्वीपासून बोलली जाते. तरीही शाळा आणि सरकार यांत तिला दीर्घकाळ जागा नव्हती. मोरोक्कोमध्ये 2001 साली या भाषेच्या व संस्कृतीच्या अभ्यासासाठी राजकीय संस्था स्थापन झाली. 2003 मध्ये तिच्या 'टिफिनाघ' या प्राचीन लिपीच्या नव्या रूपाला मान्यता मिळाली आणि शाळांतून भाषा शिकवण्यास प्रारंभ झाला. 2011 च्या राज्यघटनेने अरबीबरोबर अमाझीगलाही राजभाषा म्हटले. अल्जीरियात हाच दर्जा 2016 मध्ये मिळाला.

तथापि, मोरोक्कोमध्ये घटनेतील शब्द प्रत्यक्षात आणण्यासाठी आवश्यक असलेला कायदा होण्यास 2019 साल उजाडले. घोषणा आणि अंमलबजावणी यांमध्ये आठ वर्षांचे अंतर पडले. रायपूर आणि रबात या दोन राजधान्यांमध्ये हजारो किलोमीटरचे अंतर आहे. पण दोन्हीकडचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. मान्यता मिळणे ही कामाची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

मान्यतेनंतरचे काम

राजभाषा होण्यासाठी भाषेला साधने लागतात. कचेरीसाठी सोपे शब्द, त्या भाषेत छापलेले अर्ज, तिच्यात लिहू शकणारे कर्मचारी, मुलांसाठी पुस्तके आणि ती शिकवणारे शिक्षक नसतील, तर राजभाषा केवळ समारंभाची भाषा उरते. छत्तीसगढीपुढे आणखीही प्रश्न आहेत. रायपूर, बिलासपूर आणि सरगुजा या भागांतील बोलण्यात फरक आहे. मग लेखनासाठी कोणते रूप घ्यावे? शिवाय नोकरी आणि उच्च शिक्षण यांसाठी हिंदी व इंग्रजी आवश्यक आहेत, म्हणून मुलांनी त्याच शिकाव्यात, असे अनेक पालकांना वाटते. ही चिंता खोटी म्हणता येणार नाही. परंतु घरच्या भाषेत वाचायला शिकलेले मूल दुसरी भाषा अधिक विश्वासाने शिकते. मातृभाषा आणि इतर भाषा यांत वैर मानण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. छत्तीसगढात गोंडी, कुडुख, हलबी अशा अनेक भाषा नांदतात. बस्तरमधील हलबीत मराठीशी साम्य असलेली इतकी वैशिष्ट्ये आहेत, की ग्रिअर्सन यांनी तिचा समावेश आपल्या सर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात केला. छत्तीसगढीने हिंदीकडे जो मान मागितला, तोच मान या भाषा मागत आहेत. 2020 मध्ये राज्य सरकारने प्राथमिक शाळांत छत्तीसगढीबरोबर गोंडी, हलबी इत्यादी भाषांतूनही शिक्षण देण्याचे जाहीर केले. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. त्याचे मोल मात्र वर्गात काय घडते, यावरूनच ठरेल.

राज्यघटनेने नागरिकाच्या हाती दोन महत्त्वाच्या गोष्टी दिल्या आहेत. अनुच्छेद 350 नुसार आपल्या तक्रारीचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करता येतो. अनुच्छेद 350क नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. हे अधिकार ठाऊक असतील, तरच ते वापरता येतात.

तेलीबांध्याच्या काठी संध्याकाळी अनेक भाषा ऐकू येतात. छत्तीसगढी त्यांत आपल्या घरच्यासारखी वावरते. तिला आता कचेरीच्या खिडकीपर्यंत जायचे आहे. ज्या दिवशी ती वृद्ध स्त्री आपल्या अर्जातील ओळी ऐकून 'हो, मी हेच म्हणाले होते' असे खात्रीने सांगू शकेल आणि त्यानंतरच त्यावर अंगठा उठवील, त्या दिवशी 2007 च्या कायद्याचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.

शब्दार्थ

- राजभाषा – राज्यकारभारासाठी कायद्याने ठरवलेली भाषा
- अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी
- अनुच्छेद – राज्यघटनेतील क्रमांक दिलेले कलम
- संशोधन विधेयक – कायद्यात बदल करण्यासाठी मांडलेला मसुदा
- खालसा होणे – राज्य दुसऱ्या सत्तेत विलीन केले जाणे
- गावंढळ – खेडवळ, अडाणी (तुच्छतेने वापरला जाणारा शब्द)
- अंमलबजावणी – ठरवलेली गोष्ट प्रत्यक्षात आणणे

तुम्ही काय शिकलात?

- प्रत्येक बोलीला स्वतःचे व्याकरण आणि शब्दसंपत्ती असते.
- छत्तीसगढीला 2007 मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला. आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झालेला नाही.
- कायद्याच्या आधी साहित्य, नाटक, गायन यांतून लोकांनी भाषेला प्रतिष्ठा दिली.
- मान्यतेचा खरा उपयोग शाळेत आणि कचेरीत भाषा वापरली गेल्यावरच होतो.

> पाठगत प्रश्न 2
> रिकाम्या जागा भरा.
> (1) छत्तीसगढ राज्याची स्थापना ______ रोजी झाली.
> (2) आठव्या अनुसूचीत सध्या ______ भाषा आहेत.
> (3) मोरोक्कोमध्ये ______ च्या राज्यघटनेने अमाझीगला राजभाषा म्हटले.

पाठान्त प्रश्न

1. वृद्ध स्त्रीच्या प्रसंगातून कोणती दोन नुकसाने दिसून येतात? तुमच्या शब्दांत लिहा.
2. हबीब तन्वीर यांच्या अनुभवातून भाषा आणि आत्मविश्वास यांचा कोणता संबंध दिसतो?
3. राजभाषा आणि आठव्या अनुसूचीतील भाषा यांतील फरक चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
4. 'मान्यता मिळणे ही कामाची सुरुवात आहे, शेवट नव्हे.' छत्तीसगढी व अमाझीग यांची उदाहरणे घेऊन हे विधान स्पष्ट करा.
5. उपक्रम : तुमच्या घरात किंवा गावात बोलल्या जाणाऱ्या बोलीतील दहा शब्द ज्येष्ठ व्यक्तींकडून मिळवा. त्यांचे अर्थ लिहा आणि प्रत्येक शब्दाचा वाक्यात उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न 1 : (1) आ (2) इ (3) अ
प्रश्न 2 : (1) 1 नोव्हेंबर 2000 (2) 22 (3) 2011